कोपरा जुळवणारी मशीन

उंब्रजला आमचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, शाळेतली प्रशस्तिपत्रं, सैन्यात भरती झालेल्या पोरांचे वर्दीतले फोटो, सगळं आम्ही काचेमागं बसवतो. पण दुकान खरं चालतं ते गेलेल्या माणसांवर. ऐकायला बरं वाटत नाही, तरी खोटं कशाला लिहू? घरातलं कुणी गेलं की दहाव्याच्या आत फोटो हार घालायला तयार लागतो. तो करायला आलेला माणूस घासाघीस करत नाही. फोटो काउंटरवर ठेवतो, समोर लावलेल्या फ्रेमच्या पट्ट्यांतली पहिली दाखवतो आणि बाकावर बसून राहतो. अशा माणसाला पाणी विचारायचं आणि त्याच्याशी फार बोलायचं नाही, हे मी लग्न होऊन आल्यावर सासऱ्यांकडून शिकले.

काच कापणं, पुठ्ठा लावणं, मागून कागद चिकटवणं ही माझी कामं. पट्टी कापायची ती यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. फ्रेमची सगळी अब्रू कोपऱ्यात असते. दोन्ही पट्ट्या बरोबर पंचेचाळीसच्या कोनात कापल्या तरच त्या एकमेकींना भिडतात, नाहीतर मध्ये फट दिसते. सासऱ्यांचा लाकडी साचा होता, त्यात पट्टी धरून हे हातकरवतीनं कापायचे आणि कापून झाली की कोपऱ्यावरून नख फिरवायचे. नख अडकलं नाही की पट्टी माझ्याकडं सरकवायचे. कौतुक करणं हा आमच्या दोघांचाही स्वभाव नाही. पण त्यांनी जुळवलेला कोपरा मला आवडायचा, आणि तसं मी त्यांना कधी म्हटलं नाही.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपानं सांगितलं, मग शर्टाच्या गुंड्यांनी. कराडच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी हात सकाळचा बरा राहायचा, दुपारी पुन्हा सुरू. गिऱ्हाईक आलं की हे उजवा हात काखेत दाबून उभे राहायचे, जणू थंडी वाजते आहे. एप्रिलात कुणाला थंडी वाजते? मला राग यायचा. त्यांचा नाही, पण निघायचा त्यांच्यावरच.

एकदा गावातले एक म्हातारे बायकोचा फोटो घेऊन आले. ह्यांनी पट्टी कापली, फट राहिली. दुसरी कापली, तिलाही राहिली. म्हातारे बाकावर बसलेलेच होते. शेवटी ह्यांनी फटीत लांबी, म्हणजे लाकडाची भेग बुजवायचा लगदा, भरली, वर सोनेरी रंग लावला आणि फ्रेम देऊन टाकली. म्हाताऱ्यांना काही कळलं नाही. ते फोटोकडंच बघत होते, कोपऱ्याकडं कोण बघतं? पण हे त्या रात्री जेवले नाहीत, आणि पुढं कितीतरी दिवस साच्याला हात लावताना माझ्याकडं पाठ करायचे.

तेव्हा मशीन घ्यायचं मीच काढलं. पुण्यातला मुलगा म्हणाला, आई, मायटर सॉ म्हणून असतो, कोनात कापणारी विजेची करवत, तोच घ्या, मोबाइलवरून मागवतो, घरपोच येईल. मी म्हटलं, मी वांगीसुद्धा हातात घेऊन दाबून बघते, आणि बोटं कापणारी वस्तू फोटो बघून घेऊ? खरं कारण वेगळं होतं. मला हे दुकानात टेबलापाशी उभे हवे होते. मशीननं कोन धरला, मशीननं पट्टी धरली, तर थरथरणाऱ्या हाताला फक्त पातं खाली आणायचं उरेल, असा माझा हिशेब होता. ते काम त्यांच्याकडून सुटलं तर ते बाकावर बसतील आणि मग बसूनच राहतील, याची मला भीती वाटत होती. तेवढ्यासाठी मी कुठंही गेले असते.

आधी साताऱ्याला गेलो. तिथल्या दुकानदारानं खोकी दाखवली, मशीन नाही. खोक्यावरचा फोटो मोबाइलवरच्या फोटोसारखाच. मी तिथून यांना उठवलं. पुढच्या आठवड्यात कराडला एसटी बदलून सांगलीला गेलो. माधवनगर रोडला हत्यारांचं एक मोठं दुकान आहे, तिथं मशीन लावून दाखवतात असं कळलं होतं. आमच्या पट्ट्यांचे तुकडे मी पिशवीत घेऊनच गेले होते.

दुकानदार शांत माणूस होता. त्यानं आधी विचारलं, काय कापता, टेबल किती खोल आहे. एक मशीन दांड्यांवर पुढं-मागं सरकणारी होती, रुंद फळीसाठी. तिला मागं इतकी जागा लागत होती की आमच्या दुकानात ती भिंतीला टेकली असती. ती आम्ही सोडली. उरल्या दोन. दोन्हींचं खालचं ताट फिरायचं, पंचेचाळीसवर आलं की टक्कन खाचेत बसायचं, आणि पातं एका बाजूला कलायचंही. मी विचारलं, फ्रेमला कलणारं पातं कशाला? तो म्हणाला, "खोल पेटीसारख्या फ्रेमा कराय लागला की लागंल, वहिनी. लोक आता मेडलं, पागोटी काचेत बसवून मागतात." ते मला पटलं. पात्याला दात जास्त घ्या, म्हणजे पट्टीचा सोनेरी पापुद्रा उडणार नाही, हेही त्यानंच सांगितलं.

दोन मशीनमध्ये फरक होता तो बटणाचा. एकीचं बटण एकदा दाबलं की अडकून राहायचं, बंद करेपर्यंत पातं फिरत राहायचं. दुसरीला अंगठ्यानं बाजूची कळ दाबायची आणि ती दाबलेली असतानाच बोटांनी बटण ओढून धरायचं. बोट सुटलं की पातं लगेच थांबायचं.

"मालक, तुमी चालवून बघा की," दुकानदार यांना म्हणाला.

यांचे दोन्ही हात पाठीमागं होते. मला ते दिसत होते. मी पटकन पुढं झाले. "त्यांनी काय बघायचं? जन्म गेला त्यांचा ह्यात. माझ्यासारखीला जमलं तर कुणालाबी जमंल. मी बघते."

यांनी माझ्याकडं बघितलं. सुटका झाली असं काहीतरी त्या बघण्यात होतं, आणि मी मनातल्या मनात खूश झाले. दोन्ही मशिनींवर मी पट्ट्या कापल्या. आवाज फार होता, पण कोपरे असे जुळले की नख फिरवून शिवण सापडेना. मी बोट सुटताच थांबणारी निवडली. थरथरत्या हाताजवळ न थांबणारं पातं मला नको होतं. निघताना हे दुकानदाराला म्हणाले, "ही बोट सोडल्यावर कशी थांबती, ते पुन्ना दाखवा." त्यानं दाखवलं. "अजून एकदा," हे म्हणाले.

घरी आणून मशीन टेबलाला बोल्टनं आवळली, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सकाळची गोळी लागू झाल्यावर हे उभे राहिले. ताट खाचेत बसवलं, पट्टी धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात ती आवळली, हे सगळं नीट जमलं. मग मूठ धरली. अंगठा कळीवर टेकेना. टेकला की घसरायचा. डाव्या हातानं अंगठा धरून त्यांनी तो दाबला तेव्हा पातं फिरलं, खाली आलं, पट्टीत शिरलं आणि थांबलं. बटणावरची बोटं सुटली होती. पुन्हा धरली. पुन्हा थांबलं. पट्टी अर्धी कापलेली तशीच शिकंज्यात अडकली होती. मी शेजारी उभी राहून "आता जरा दाबून धरा, आता धरा" करत होते, आणि माझ्या तोंडाला आवर घालणारं तिथं कुणी नव्हतं.

यांनी भिंतीतली विजेची पिन काढली. "जेवाय वाढ," म्हणाले.

मी मशीनवर चिडले, दुकानदारावर चिडले. त्यांना वाचवायला म्हणून मी जी कळ निवडली तिनंच त्यांना कामातून बाहेर काढलं होतं. सांगलीत त्यांचा हात मुठीवर ठेवला असता तर तिथंच कळलं असतं. पण परक्या माणसासमोर त्यांचा हात उघडा पडू नये, एवढंच मला तेव्हा सुचलं. मी दुकानदाराला फोन केला. तो भला माणूस, म्हणाला, ओरखडा नसंल तर आणा, दुसरी नेऊन चालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन सोडवून खोक्यात भरली, दोरी बांधली आणि ओळखीच्या रिक्षाला सांगून ठेवलं.

हे येऊन खोक्याशेजारी खाली बसले.

"कुठं निगालीस?"

"सांगलीला. ती दुसरी आणते. त्यात अंगठ्याचं कामच न्हाई. एकदा दाबलं की झालं."

"एकदा दाबलं की थांबत न्हाई. म्हाईत हाय मला." त्यांनी दोरीची गाठ सोडायला घेतली. ती त्यांच्यानं सुटत नव्हती. "नगं आणूस ती."

"का नगं? आवं, तुमी मूठ धरायची आन खाली आणायची. तेवढं जमतंय की तुमाला."

"म्हणून तर नगं." ते गाठीकडंच बघत होते. "ती आणलीस तर मी चालवीन गं. तू म्होरं हुबी, गिऱ्हाईक बाकावर बसलेलं. न्हाई म्हणाय मला जमायचं न्हाई. मी चालवीन, आन एक दिवस हात जाईल. ही मशीनच न्हाई म्हणती, मग मला म्हणाय लागत न्हाई."

"मग सांगलीतच का बोलला न्हाई?"

"तू बोलाय दिलंस व्हय?"

एरवी मी याला उत्तर दिलं असतं. उत्तर माझ्या जिभेवर तयारच असतं. पण तेव्हा मला रडू आलं. आणि रडताना माणूस काय काय बोलतो. मी म्हटलं, तुमी बाकावर बसाल, तुमी तसेच बसून ऱ्हाल, मला ते बघवायचं न्हाई. ते म्हणाले, "न्हाई बसायचो. पट्टी निवडाय लागती, मापं काढाय लागत्यात. पर कापायची तू." मग म्हणाले, "गाठ सोड आता. रिक्षावाल्याला नगं म्हणून सांग."

मशीन पुन्हा टेबलावर चढली. बोल्ट मी आवळले. यांनी पट्टी आणून ताटावर ठेवली, माप बघितलं, शिकंजा मला आवळायला लावला. "सावकाश. पातं पुरतं फिरूदे, मग खाली आण," म्हणाले, आणि टेबलापासून मागं सरकून उभे राहिले. त्या टेबलाची ती बाजू मी इतक्या वर्षांत कधी घेतली नव्हती. मी मूठ धरली. अंगठा कळीवर ठेवला, बोटांनी बटण ओढलं. माझा हात जराही हलत नव्हता, आणि तो हलावा असं मला फार वाटत होतं.