एकाच माणसाचा श्वास

ताईंना ऐकू कमी येतं, असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं.

गोरेगावच्या एका लहान स्टुडिओत मी परदेशी सिनेमांच्या हिंदी आवृत्त्यांचं साउंड मिक्सिंग करायचो. ताई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. पडद्यावरची पावलं, दारं, कपड्यांची सळसळ, हे सगळे आवाज त्या माइकसमोर हातापायांनी नव्याने तयार करायच्या. ऐकायचं कसं, हे मला त्यांनीच शिकवलं.

तो स्वीडिश सिनेमा एका व्हॅम्पायर बाईचा होता. तिचा नवरा म्हातारा होत जातो, ती तशीच राहते. रक्त अख्ख्या सिनेमात एकदाच दिसतं, तेही उशीच्या अभ्र्यावर. कॅमेरा बहुतेक वेळ खिडकीबाहेरच्या बर्फात, आत यायला धजत नसल्यासारखा. शेवटाकडे ती झोपलेल्या नवऱ्याजवळ बसते. भुकेलेली असते, तरी त्याला हात लावत नाही. पाऊण मिनिट काहीच घडत नाही.

तिथे ताईंनी फक्त नवऱ्याचा श्वास दिला.

"ताई, हिची बाजू रिकामीच राहिली."

"मग? मेलेली आहे ना ती! श्वास कुठून आणू, तुझा देऊ?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "दोघं शेजारी आहेत आणि श्वास एकाचाच येतोय. किती एकटी आहे बघ रे ती."

माझ्या अंगावर काटा आला होता. हे विसरलो असतो तर बरं झालं असतं.

सिनेमा दाखवणाऱ्या चॅनेलचा माणूस ऐकायला आला. त्या जागी चमकून म्हणाला, "इथे साउंड गेला काय? कोणी केलंय हे?" मी घाबरलो. "ताईंचं वय झालंय," मी म्हणालो, "बारीक आवाज त्यांना हल्ली ऐकू येत नाहीत." आणि त्या शांततेवर व्हायोलिन आणि ढोल चढवले. तो "झकास" म्हणाला.

आमची लाइन लहान आहे, एकाचं बोलणं सगळीकडे पोचतं. वर्षभरात ताईंचं काम बंद झालं. त्यांचा फोन आला की मी म्हणायचो, "सध्या मंदी आहे हो." अशी चार वर्षं गेली.

गेल्या महिन्यात एका निर्मात्याने मला आवाजासाठी माणूस सुचवायला सांगितलं. "फक्त त्या बहिऱ्या बाई नकोत हं," तो म्हणाला. माझंच खोटं होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोरिवलीला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "दोनदा कान तपासून घेतले रे. डॉक्टर म्हणतो, चांगले आहेत. पण सगळेच म्हणायला लागले, तेव्हा वाटलं, डॉक्टरच चुकत असेल. हल्ली साधी कडी वाजली तरी खात्री वाटत नाही."

मला बसवेना. मी उठून उभा राहिलो.

"ताई, तुमच्या कानांना काहीही झालेलं नाही. ते मी पसरवलं. तुमचं काम मला तेव्हाच कळलं होतं, तरीही. मला माफ करा."