वादी हजर, प्रतिवादी हजर

आमच्या घरमालकांइतका सरकारी संकेतस्थळांवर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या लातुरात झाला नसेल. खुद्द सरकारातही नसेल. मी मुदखेडहून इथल्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला आलो आणि त्यांच्या तीन मजली घरातली वरची खोली भाड्याने घ्यायला गेलो. ते वकील होते, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी माझं आणि वडिलांचं नाव विचारून आधी कोर्टाच्या साइटवर टाकलं. तोवर मी बॅग हातात धरून दारात उभा. "तुमच्यावर काही न्हाई," ते जरा नाराजीनेच म्हणाले, "वडलांचा बांधाचा एक दावा दिसायलाय. म्हणजे घर चांगलं हाय." पोरांना क्लाससाठी घेऊन येणाऱ्या पालकांचीही हीच परीक्षा व्हायची. एका बापावर मारामारीची केस निघाली, तर हे कोर्टातल्या नोंदी वाचून म्हणाले, "साक्षीदार फुटल्यात. सुटतोय माणूस. द्या त्याच्या पोराला खोली." गॅसवाल्याने वर सिलिंडर आणायला कुरकुर केली की हे शासन निर्णयाची छापील प्रत त्याच्या हातात ठेवत. शेजारच्या आजी वारल्या तेव्हा हे सांत्वनाला गेले खरे, पण साइटवर मृत्यूची नोंद दिसेपर्यंत बोलणं बरोबर नाही म्हणून नुसता चहा पिऊन परत आले.

घर एवढं मोठं, पण स्वतः राहायचे अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत. भूकंपानंतर ते कधी स्लॅबखाली झोपले नाहीत. खोलीतल्या फळीवर स्टीलचे तीन पेले एकावर एक उपडे ठेवलेले असत. जमीन हलली की ते पडणार आणि हे बाहेर पळणार, अशी व्यवस्था. संध्याकाळी समोरच्या गल्लीतल्या चार क्लासच्या बॅचेस एकदम सुटल्या की स्कूटींच्या घरघराटाने पेले किणकिणायला लागत. मग वकीलसाहेब चप्पल न घालता अंगणात येऊन उभे राहत आणि पोरं जाईपर्यंत जमिनीकडे बघत राहत. मला आधी हसू यायचं. नंतर मीही खाली उतरून त्यांच्याशेजारी उभा राहू लागलो.

त्यांची दृष्टी अधू झालेली. त्यामुळे साइट उघडताना ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी दहाच्या सुमारास खालून हाक यायची, "मास्तर, अक्षरं वाचा." महिनाभरात माझ्या लक्षात आलं की साहेब बाकी काहीही बघोत, एक दावा रोज बघतात. विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा, तीसेक वर्षांपूर्वी तालुक्याच्या कोर्टात दाखल झालेला. वादी एक बाई, प्रतिवादी तिचा भाऊ, वादीचे वकील म्हणून साहेबांचं नाव. त्यातही ते रोजनामा उघडायला लावत, म्हणजे त्या त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद. मी वाचून दाखवायचो: "वादी हजर. प्रतिवादी गैरहजर. पुढील तारीख." साहेब मान हलवत. "मामा काल बी आला न्हाई. लई हट्टी माणूस." एके दिवशी नोंद निघाली, "वादी हजर, प्रतिवादी हजर." त्या दिवशी त्यांनी मला मागवून मागवून पोहे खाऊ घातले.

मी सहज म्हणालो, "मामा आता थकले असतील ना?"

"वारले," ते म्हणाले. "भूकंपात. आई बी त्याच पहाटे गेली. ह्यो तिचाच दावा."

मी हातातल्या फोनकडे पाहिलं. आदल्या दिवशीची तारीख होती.

ते शांतपणे सांगत होते. आई विधवा होऊन माहेरी आलेली, विहिरीत तिचा निम्मा हिस्सा. मोटारीच्या पाळीवरून बहीण-भावात बिनसलं आणि चाळिशीला टेकून वकिलीची सनद घेतलेल्या लेकाने आईच्या बाजूने दावा ठोकला. मग त्यालाच लाज वाटली. त्याने दोघांचे पाय धरले, तडजोडीला राजी केलं. पुढच्या तारखेला दोघं येऊन कागदावर अंगठे लावणार होते. तारखेच्या चार दिवस आधी जमीन हलली. साहेब लातुरात होते म्हणून वाचले. "दोघांच्या घरांची भिंत एकच होती," ते म्हणाले. "तिच्याच खाली सापडली दोघं. बोलणं मात्र बंदच राहिलं होतं."

पक्षकार मेले हे वकिलाने कोर्टाला कळवायचं असतं. साहेबांनी कळवलंच नाही. कळवलं असतं तर दावा तसाच गळून पडला असता आणि बहीण-भावाचं भांडण कायमचं भांडणच राहिलं असतं. म्हणून ते प्रत्येक तारखेला कोट चढवून जात. खिशात तडजोडीचा पिवळा पडलेला कागद आणि पाणी शिंपडून ओलं केलेलं शाईचं पॅड. शिपाई तीनदा नावांचा पुकारा करी, साहेब उभे राहत, पुढची तारीख पडे. वकील दिसला की कारकून सवयीने पक्षकारही हजर लिहून टाकत असणार, असं मी म्हणून पाहिलं. "असंल," ते म्हणाले. "मग मामाला कधी गैरहजर का लिहितो? मला तर कुणी विचारत बी न्हाई." त्या दिवशी मी क्लासमध्ये काय शिकवलं, मला आठवत नाही.

आणि मग एका दुपारी हिमायतनगरहून एक बाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, हातात पिशवी आणि मोबाइल. सातबारा शोधता शोधता त्यांच्या पोरीने आजोबांचं नाव कोर्टाच्या साइटवर टाकून पाहिलं होतं. बाई अंगणात उभ्या राहूनच म्हणाल्या, "भाऊ, माझे अण्णा हजर हाईत म्हणून लिहून आलंय. गेल्या महिन्याची तारीख हाय. कुठं हाईत?"

ती त्यांची मामेबहीण. भूकंपाआधीच लग्न होऊन गेलेली, भांडणामुळे तीस वर्षं न भेटलेली. तिलाही सगळं ठाऊक होतं, वडिलांची राख तिने पाहिली होती. तरी पहाटेची एसटी पकडून आली होती. साहेब खाटेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग म्हणाले, "माई, चुकलं माझं. दावा मी टाकला होता."

पुढच्या तारखेला आम्ही तिघं गेलो. न्यायाधीश मॅडम तरुण होत्या. दोघांनी वारस म्हणून अर्ज दिले आणि उशिराची माफी मागितली. "इतकी वर्षं काय करत होतात, वकीलसाहेब?" मॅडमनी विचारलं. "तारखा घेत होतो," ते म्हणाले. मॅडम त्यांना बरंच बोलल्या, आणि मग तडजोडीचा कागद समोर ओढून घेतला. बहिणीने सही केली. साहेबांनी मात्र पॅड उघडलं आणि आईच्या नावापुढे स्वतःचा अंगठा लावला. मॅडमनी वर पाहिलं आणि कागद कारकुनाकडे सरकवला.

"तडजोडीने निकाली," मी दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. त्यांनी ते चार वेळा वाचायला लावलं. त्यानंतर खालून सकाळची हाक येईनाशी झाली. फळीवरचे पेले त्यांनी सरळ करून पाणी प्यायला घेतले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, झोपेतच, पत्र्याखाली. माई हिमायतनगरहून आल्या आणि तेराव्यापर्यंत राहिल्या.

मला ती माणसं फार आवडली होती, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. राहून गेलं. मध्यंतरी एका सकाळी दहाला करमेना म्हणून मी साइट उघडली, वाकडी अक्षरं स्वतःशीच मोठ्याने वाचली आणि वकिलाच्या रकान्यात साहेबांचं नाव टाकलं. त्यांची एक जुनी केस अजून चालू आहे. गेल्या आठवड्यातला रोजनामा होता: "वादीचे वकील हजर. पुढील तारीख."

हे कोर्टाला कळवायला हवं. मी अजून कळवलेलं नाही.