हाय का गो?

रविवारी सकाळी माझा दुसरा चहा होतो न होतो तोच फोन वाजायचा. नाव बघायची गरज नसे, त्यामुळे चष्मा शोधायचीही नसे. पलीकडून एकच प्रश्न यायचा, "हाय का गो?" आणि इकडून मी म्हणायचे, "हाय." एवढं झालं की मग पुढचं... कोणाचे गुडघे, कोणाची सून, शाळांसाठी निघालेला ताजा सरकारी हुकूम आणि त्याला आम्ही दोघींनी मिळून घातलेल्या शिव्या. त्या रविवारीही फोन वाजला. मी कानाला लावला आणि तिच्याआधीच बोलून मोकळी झाले, "हाय गो, हाय. मरत नाय मी इतक्यात!" पलीकडून तिच्या भाच्याचा आवाज आला, "मावशी, मी इम्रान... फुफी गेली. पहाटे, झोपेतच." मी फोन कानापासून लांब धरून नाव बघितलं. नाव तिचंच होतं.

डॉ. मेहरुन्निसा धनसे, शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक आणि माजी विभागप्रमुख. विद्यापीठात शोकसभा झाली, तिची बातमी इम्रानने मला वाचायला पाठवली. त्यात ती व्यासंगी होती, साक्षेपी होती, शिस्तप्रिय होती. एवढी विशेषणं एका बाईला लागली म्हणजे बोलणाऱ्यांपैकी कोणी तिच्याबरोबर कधी भाकरी खाल्ली नव्हती, एवढंच मला कळलं. माझ्यासाठी ती मेहरू. महाडच्या अध्यापक विद्यालयात आम्ही एका बाकावर बसलो. मी पोलादपूरच्या वरच्या वाडीतली, बाप मुंबईला नोकरीत. ती महाड शहरातली, बापाचा स्वतःचा ट्रक. तिला डब्यात घावन मिळायचे, मला नाचणीची भाकरी. अदलाबदल पहिल्या आठवड्यातच सुरू झाली आणि मैत्री झाली ती त्यातूनच.

पहिली नेमणूकही दोघींना एकाच शाळेत मिळाली, उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत. दोन बाया, चार वर्ग, एक फळा आणि त्याच फळ्याची मागची बाजू. मेहरू हजेरी घ्यायला उभी राहिली की फौजदार वाटायची. नाव पुकारलं की मुलानं 'हजर' म्हणायचं, असं आम्हाला शिकवून पाठवलेलं. मुलं म्हणायची, "हाय." ही म्हणायची, "हाय नाही, हजर." मूल समजल्यासारखी मान डोलवायचं आणि म्हणायचं, "हाय, बाई." मी पलीकडे माझ्या मुलांना पाढे म्हणायला लावून तोंडाला पदर लावून हसायचे. एक दिवस तिनं पार्वतीचं नाव घेतलं. पार्वती आली नव्हती. तिचा धाकटा भाऊ गणू, पहिलीतला, उठून म्हणाला, "ती नाय हाय." मेहरूचं डोकं फिरलं. "नाय का हाय? दोन्ही कसं असेल? एक काय ते सांग." गणूनं खरंच विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता तो विचार. मग आणखी हळू आवाजात त्यानं तेच सांगितलं, "नाय... हाय." पोरं हसली. त्या दिवसापासून गणू शाळेत बोलायचाच बंद झाला. नाव घेतलं की उभा राहायचा, बसायचा, पण तोंड उघडायचा नाही.

आठवडाभर मी गप्प राहिले, म्हणजे माझ्या मानानं फारच. मग एका दुपारी डबा खाताना विचारलं, "मेहरू, मी तुझ्या घरी आले नि तू नसलीस, तर तुझी अम्मी दारातून काय सांगते गो?" तिचा घास हातातच राहिला. "नाय हाय म्हणते," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता थांबली. उरलेली भाकरी तिनं तशीच गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी हजेरीत गणूचं नाव आलं. तो उठला, नेहमीसारखा मुका. तिनं हजेरीपट खाली ठेवला, त्याच्याकडे बघितलं आणि आपल्या घरच्या बोलीत विचारलं, "हाय का रे गणू?" बाहेर कोंबडी ओरडत होती तेवढीच. मग तो म्हणाला, "हाय." तेव्हापासून आमच्या शाळेत 'हजर' बंद झालं, आणि 'हाय का'ची आम्हा दोघींची सवयही त्याच दिवसापासूनची.

पुढे तपासणीला विस्तार अधिकारी आले. हजेरी ऐकून म्हणाले, "हे काय हाय-हुय चाललंय?" मेहरू म्हणाली, "साहेब, मुलं आहेत. आहेत म्हणून तसं सांगतायत." साहेबांनी शेरा मारायचा तो मारलाच. त्या संध्याकाळी आम्ही एसटीसाठी खाली उतरलो. थांब्यावर तिनं पिशवी ठेवली आणि म्हणाली, "वर जायाला पायजे गो. शिकवणाऱ्यांना शिकवतात तिथं. हितनं सांगितलेलं कोण ऐकतंय?" मी म्हटलं, "वर जाणारे वरचेच होऊन बसतात. तू पण उंटावरून शेळ्या हाकशील. लाव पैज!" तिनं माझ्या हातावर टाळी दिली. आमच्या उभ्या मैत्रीत तेवढी एकच पैज लागली, आणि तिच्यापायी मी या बाईवर किती वर्षं डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली ते माझं मला माहीत.

वर जाणं सोपं नव्हतं. नोकरी करत बाहेरून बी.ए., मग नोकरी सोडून बी.एड., एम.एड. घरात कुवेतचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, पगार त्याहून चांगला. तिचा थोरला भाऊ तिकडेच होता, त्याच्या मते तर ठरल्यातच जमा. नातेवाईक अब्बांना रोज येऊन सांगायचे. अब्बा कमी बोलणारा माणूस. जन्म कशेडी घाटात ट्रक चढवण्या-उतरवण्यात गेलेला, इंजिनाच्या आवाजानं कान निम्मे गेलेले. ते एवढंच म्हणाले, "घाटात आपली गाडी आपल्या गियरमधी चालवायची. मागचा हॉर्न मारतोय, मारू दे." स्थळ गेलं. मेहरू विद्यापीठाच्या वसतिगृहात गेली आणि दर रविवारी वाण्याच्या दुकानातल्या फोनवर माझं नाव पुकारलं जाऊ लागलं.

तिथं तिची भाषा घासली गेली. घासावीच लागली असणार. पहिल्या वर्षी तिच्या एका पाठानंतर कोणीतरी म्हणालं होतं, आशय उत्तम, उच्चार मात्र ग्रामीण. मेहरूला एखादी गोष्ट लागली की ती तिच्या मागंच पडायची. पीएच.डी.ला पोचेपर्यंत तिचं बोलणं इतकं स्वच्छ झालं की ऐकताना मला आपलेच पाय चिखलाचे वाटायचे. एका रविवारी फोन आला आणि पलीकडून शब्द आले, "आहेस का गं?" मी म्हटलं, "राँग नंबर," आणि ठेवून दिला. पैज जिंकत चालले होते ना मी... त्याचा आनंद व्हायला हवा होता. मी घरी येऊन भांडी आपटत बसले.

पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते, कोणीही जाऊन बसू शकतं. मी आणि अब्बा महाडहून एसटीनं गेलो. अब्बा इस्त्रीच्या शर्टात, मी लग्नातल्या साडीत. दोघं मागच्या बाकावर बसलो. मेहरू पुढे उभी राहून बोलत होती. मूल शाळेत येताना घरची बोली दाराबाहेर चपलेसारखी काढून का ठेवतं, आणि ठेवायला लावणारे आपण कोण, असा तिचा विषय. बोलणं अस्खलित. बाहेरून आलेले एक वयस्क परीक्षक होते, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, "बाई, घरच्या बोलीची एवढी बाजू मांडलीत. पण मघापासून ऐकतोय, तुमच्या तोंडी तिचा एक शब्द नाही. ही पुराणातली वांगी तर नव्हेत ना?" मेहरूनं उत्तराला तोंड उघडलं आणि मिटलं. सभागृह शांत झालं. माझ्या मनात आलं, हा तर माझाच प्रश्न, आणि तो या माणसानं असा सगळ्यांसमोर विचारायला नको होता. तेवढ्यात ही शांतता परीक्षा संपल्याची आहे असं समजून अब्बांनी मला विचारलं, आणि कान गेलेला माणूस विचारतो तसंच मोठ्यानं, "झाला काय गो? पास हाय का नाय पोरगी?"

सगळे हसले. अब्बा कावरेबावरे झाले. मेहरू हसली नाही. तिथूनच तिनं उत्तर दिलं, "नाय हाय अजून, अब्बा. इचारतायत. बसा जरा." मग पाण्याचा घोट घेतला आणि परीक्षकांकडे वळून त्याच बोलीत पुढं बोलली, "सर, तुमचा सवाल खरा हाय. हा एक शब्द हितं आणायला मला भीती वाटली. न् मी एवढी मोठी बाय हाय. सा वर्साच्या पोराला काय वाटत असंल?" परीक्षकांनी समोरचे कागद मिटून तिला पुढं बोलायला सांगितलं, आणि उरलेली सगळी परीक्षा तिनं आमच्या भाषेत दिली. मी रडले. अब्बा मला समजावत होते, "रडू नको गो, पुढच्या साली व्हईल पास!" पैज मी तिथंच हरले, आणि परतीच्या एसटीत हरल्याचं कबूलही केलं.

मग ती प्राध्यापक झाली. वर्ग घेताना पुस्तकी मराठी, हजेरीला मात्र ज्यानं त्यानं आपल्या घरची. खानदेशातलं कोणी 'शे' म्हणे, मालवणकडचं कोणी 'आसंय', कोणी लाजून नुसताच हात वर करी. नवीन मुलांची गंमत व्हायची. ही दारातून डोकं घालून विचारायची, "हाय का कोणी?" आणि आतून चारसहा जण उत्साहानं उत्तर द्यायचे, "हाय, मॅडम!" मॅडम इंग्रजीत हाय-हॅलो करतायत असं त्यांना वाटायचं. हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा हसून हसून माझा चहा सांडला. वरच्या काहींना ही पद्धत पोरकट वाटे. बढती उशिरानं मिळाली. तिनं तक्रार केली नाही, फक्त म्हणाली, "घाट हाय, येळ लागतो."

निवृत्तीनंतर ती महाडला भाच्याकडे राहायला आली. महाड-पोलादपूर म्हणजे एसटीनं जेमतेम अर्धा तास, तरी रविवारचा फोन चालूच राहिला. जाण्याच्या महिनाभर आधी ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, आपल्या शाळेत जाऊ. गेलो. पटावर आता मोजकी मुलं. तरुण बाईंनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि हजेरी घ्यायला घेतली. प्रत्येक मूल ताठ उभं राहून म्हणालं, "प्रेझेंट, मॅडम." सगळी एका सुरात. मी मेहरूकडे बघायचं टाळलं. परतताना ती थांब्यावर बसली, त्याच जागी. म्हणाली, "हजर गेलं, प्रेझेंट आलं. येवढं वर जाऊन काय झालं गो माझ्यानं?" मी तिच्या पिशवीतला खाली सांडलेला आवळा उचलून दिला आणि म्हटलं, एसटी आली बघ. एसटी खरंच आली होती.

तिच्या दफनाच्या दिवशी मी आतल्या खोलीत बायकांत बसले होते. चाळिसाव्यालाही जाऊन आले. इम्राननं तिची पुस्तकं कुठं द्यायची ते विचारलं, मी सांगितलं. ही सगळी कामं होतात. होत नाही तो रविवार. दुसरा चहा करते, फोन जवळ ठेवते आणि बसते. मूर्खपणा आहे हे कळतं. तरी बसते.

गेल्या रविवारी अशीच बसले होते आणि दारातून आवाज आला, "बाई, हाय का?" "हाय," मी म्हटलं, आपोआप. दारात एक माणूस उभा. डोक्यावरचे केस पिकलेले, हातात पेढ्यांचा पुडा. "वळखलंव का? मी गणू." मुंबईला असतो, गाडी चालवतो, एवढं मला माहीत होतं. बसला, पाणी प्यायला. आवाज आता चांगला मोठा. म्हणाला, "पोरीचा बी.एड.ला नंबर लागला, बाई. तिला म्हटलं, मी ज्यांच्याकडं बोलाय शिकलो त्या बाईंना आधी पेढा देतो. धनसे बाई हायत ना महाडला? आता तिकडंच निघालोय."

वारल्या, असं सांगता आलं असतं. मला चांगली मराठी येते, जन्मभर शिकवली. पण तोंडातून आलं ते तिची अम्मी दारातून सांगायची तेच.

"नाय हाय रे."

गणूनं पुडा मांडीवर घेतला. मीच तो सोडला, एक पेढा त्याच्या हातावर ठेवला आणि एक फोनशेजारी. दोन्ही कसं असेल, असं तिनं त्याला विचारलं होतं तेव्हा. असतं गो, मेहरू. दोन्ही असतं.