एकच प्रत

चोरी न करणे आणि न दिलेले न घेणे, ही दोन व्रते वरवर एकच भासतात. पहिल्याला कायद्याचा धाक पुरतो. दुसऱ्यासाठी मन जागे ठेवावे लागते. घेतल्याने मूळ मालकाचे काही उणे झालेले दिसतही नाही, अशा ठिकाणी हात आवरणे ही सूक्ष्म साधना आहे. दहिवलीच्या बुधाजींनी ती गाजावाजा न करता केली.

खोपोलीच्या एका कारखान्यात उमेदीची वर्षे घालवून ते निवृत्त झाले, तेव्हा पत्नी येसूबाईंची दृष्टी मावळू लागली होती. पावसाळ्यातल्या, आश्विन पौर्णिमेला संपणाऱ्या वर्षावासाच्या तीन महिन्यांत बुद्धविहारात बुद्धचरित्र वाचण्याचा मान येसूबाईंचा. पण आता छापील अक्षर त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखे दिसे.

"आश्विन पौर्णिमेला शेवटचा अध्याय मीच वाचनार," त्या म्हणत. "मंग डोळं गेलं तरी चालंल."

बुधाजींनी त्या बुद्धचरित्राचे ईबुक रीतसर विकत घेतले. ते पीडीएफ निघाले. अक्षर मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाई, आणि ती शोधताना येसूबाईंचा अर्थाचा धागा तुटे. मुलगा केतन याच्या जुन्या ईबुक रीडरवर अक्षर हवे तेवढे वाढत असे. पण त्यासाठी फाइलचे रूप पालटणे भाग होते.

"बाबा, पाच मिनिटांचं काम आहे," सून दीप्ती म्हणाली.

बुधाजींनी आधी प्रकाशकांना फोन लावला. "घरच्या वापरासाठी खुशाल बदला, काका. फक्त कुणाला पाठवू नका," पलीकडून उत्तर आले. मगच त्यांनी दीप्तीला होकार दिला.

फाइल पालटली खरी. पण प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापलेले ग्रंथाचे नाव वाक्यांच्या मधोमध येऊन बसले. विहारात येसूबाईंनी तेही भक्तिभावाने वाचले. श्रोत्यांना ते पालुपद वाटले, आणि दर वेळी सारा विहार हात जोडून "साधू, साधू, साधू" म्हणू लागला. बुधाजी मान खाली घालून बसले.

"पाच मिनिटांचं काम ना गं?" घरी येऊन ते दीप्तीला एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून, खाचरातले तण निवडावे तशी, ती नावे ते स्वतः एकेक करून काढू लागले. इकडे येसूबाईंच्या डोळ्यांतला उजेड रोज थोडा ओसरत होता.

फाइल निर्मळ होत आल्याचे ऐकून शेजारची आवडी आली. "भावजी, माझ्या मोबाइलवर बी टाका की."

"नाय गं आवडे. ते आमाला घरापुरतं दिलंय."

"एक पाठवलं तर तुमचं झिजतंय व्हय? दागिना तर मागत नाय मी!"

"झिजत नाय. पन पाठवू नका म्हनलेत ते. तू घरी येऊन वाच की. दार उघडंच हाय."

"ऱ्हाऊ द्या तुमचं दार!" आवडी तणतणत गेली. विहारातही येईनाशी झाली.

येसूबाई कळवळल्या. "माझी जिवाची एकच बाय, ती बी तोडलीत तुमी. एका फाइलीपायी!"

"मंग काय करू? पंचशील तोंडानं म्हनायचं आन् हातानं मोडायचं?"

येसूबाई उठून आत गेल्या. तरी बुधाजींचे काम थांबले नाही.

आश्विन पौर्णिमेला, अक्षर वाढवत नेल्याने, रीडरच्या पडद्यावर एका वेळी जेमतेम चार शब्द मावत होते. त्या चार-चार शब्दांच्या पायऱ्या चढत येसूबाईंनी महापरिनिर्वाणाचा अध्याय अखेरपर्यंत वाचला. कुठेही ठेच लागली नाही. वाचन संपले. मग दाराजवळून पहिला "साधू" ऐकू आला. येसूबाईंनी आवाज ओळखला. "आवडे, पुढं येऊन बस गं," त्या म्हणाल्या.

माघात बुधाजी गेले. येसूबाईंना आता काहीच दिसत नाही. आवडी रोज संध्याकाळी येते, पायरीवर चपला काढते आणि त्याच रीडरवरून त्यांना वाचून दाखवते. प्रत अजून एकच आहे.