आमच्या जपानी लेकी

गॅरेजमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाकडे किस्से कसे साठतात सांगू? एअर फिल्टरमध्ये धूळ साठते तसे. रोज बघाल तर काही दिसत नाही. एक दिवस फिल्टर काढून जमिनीवर आपटला, की समोरचा माणूस दिसेनासा होतो!

परवा आमच्याकडे जुनी बहरीनची मंडळी जेवायला आली आणि तसंच झालं. जेवणं राहिली बाजूला.

मी सोनवणे. जळगाव जिल्ह्यातला, आयटीआयचा डिझेल मेकॅनिक. नव्वदच्या दशकात मनामाजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गॅरेजमध्ये होतो. आमचा फोरमन अबू हसन, तिथलाच, बहरीनी. त्याचे वडील मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला जायचे, त्यामुळे याचं हिंदी माझ्यापेक्षा फर्डं. मॅनेजर डिमेलोसाहेब, वसईचे. आणि ड्रायव्हरांमध्ये सगळ्यांत सीनियर गायकवाडकाका. फलटणकडचे. बहरीनला पंधरा वर्षं राहिले, पण भाषा फलटणच्या बाहेर गेली नाही!

आणि आमच्या जपानी बसगाड्या. कुवेतचं युद्ध संपल्यावर कंपनीने नव्याकोऱ्या मागवल्या होत्या. हे किस्से खरं तर त्यांचेच.

*

बोटीवरून बस उतरल्या तेव्हा पांढऱ्याशुभ्र होत्या, कमरेला निळी पट्टी. सोबत कारखान्याचा एक जपानी इंजिनियर आला होता. आठवडाभर त्याने आम्हाला सगळं शिकवलं. जायच्या दिवशी तो एकेका बससमोर उभा राहिला आणि कमरेतून वाकला. शेवटच्या बसपाशी त्याने चष्मा काढून पुसला.

काका माझ्या कानात म्हणाले, "सोनवणे, ह्यो रडतोय का काय रं?"

मी त्याला इंग्लिशमध्ये विचारलं. तो म्हणाला, "जपानमध्ये विकलेली बस पुन्हा कधीतरी रस्त्यात दिसते. देशाबाहेर पाठवलेली परत दिसत नाही."

मी काकांना सांगितलं. काका पुढे झाले, त्याचा हात धरला आणि शुद्ध फलटणीत म्हणाले, "सायेब, काळजी करू नगा. लेकी चांगल्या घरी पडल्यात!"

त्याला अक्षर कळलं नाही, पण तो काकांसमोर वाकला. मग काका वाकले. मग तो पुन्हा वाकला. आधी कोणी थांबायचं हे दोघांनाही कळेना!

*

बसची पहिली नोकरी बँकांची. मनामातल्या बँकांच्या स्टाफला सकाळी आणायचं, दुपारी सोडायचं. एसी कडक, सीटवर पांढरी कव्हरं.

काकांच्या बसमध्ये कारखान्यातून एक गंमत राहून गेली होती. रिव्हर्स टाकला की एक बाई जपानीत बोलायची, "बाक्कु शिमासु, बाक्कु शिमासु." म्हणजे गाडी मागे येतेय, सांभाळा. इतका गोड आवाज, की ऐकणारा बाजूला होण्याऐवजी जवळ यायचा!

काका तिला रीतसर उत्तर द्यायचे. "व्हय बाई, बघतोय मागं."

एकदा डिमेलोसाहेब त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "काका, ती काय म्हणते ते कळतं तरी का?"

काका म्हणाले, "कळाया कशाला पायजे, सायेब? दिसभरात माझ्याशी 'अहो'च्या सुरात बोलणारी येवढीच!"

काकूंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. डिमेलोसाहेब पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसले.

*

तिथली हवा खारट. लोखंडाला समुद्र खातो. म्हणून अबू हसनचा नियम होता, बस खालून धुवायची ती गोड्या पाण्यानेच. त्यासाठी टँकर यायचा. आम्ही राहायचो त्या कॅम्पच्या नळाला मात्र मचूळ पाणी. साबणाला फेस येत नसे, केस ताठ उभे राहायचे.

एका गुरुवारी काकांची बस धुवायला घेतली. मी पाइप घेऊन खाली वाकलो तर चाकाच्या आड पाट टाकून काका बसलेले, अंगाला साबण!

"काका, काय हे?"

"थांबू नगं, पाणी मार! तिची आंघोळ होतीया तर म्हटलं आपली बी उरकू."

तेवढ्यात अबू हसन आला. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. त्याने काकांकडे पाहिलं, बसकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "पाठ नीट धू. गंज आधी पाठीला चढतो."

पुढच्या गुरुवारपासून कॅम्पसाठी वेगळा टँकर यायला लागला. कोणी मागवला ते अबू हसनने कधी सांगितलं नाही.

*

चारेक वर्षांनी बँकांना नव्या बस हव्या झाल्या. आमच्या पोरींना पिवळा रंग लागला आणि त्या ईसा टाउनच्या शाळेला लागल्या. ही दुसरी नोकरी. पांढरी कव्हरं गेली, खिडक्यांवर स्टिकर आले, सीटखाली संत्र्याच्या साली.

पहिल्याच उन्हाळ्यात काकांच्या बसमधल्या जपानी बाईचा आवाज बसला. मी खूप खटपट केली, पण खलास. काकांचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात त्यांनी रिव्हर्स टाकला आणि मागून चाळीस पोरं एका सुरात ओरडली, "बाक्कु शिमासु! बाक्कु शिमासु!"

काका आरशात बघून म्हणाले, "व्हय बायांनो, बघतोय!"

*

त्याच बसमध्ये सायली नावाची एक चिमुरडी होती. आईवडील पुण्याचे, वडील अकाउंटंट. काका मराठीत विचारायचे, "डबा खाल्लास का गं?" ती म्हणायची, "फिनिश्ड, काका!" मराठी समजायचं सगळं, पण तोंडातून यायचं नाही.

एका सकाळी स्टॉपवर सायलीची आई काकांसाठी थांबली होती. चेहरा गंभीर.

"काका, काल सायली फोनवर आजीशी काय बोलली माहितीये? 'आज्जे, बरं हाय नव्हं? गुडघं दुखत्यात का?' आमच्या घरात असं कोणी बोलत नाही!"

काका स्टिअरिंग सोडून खाली उतरले. "चुकलं बाई. आता तोंड उघडायचा न्हाई."

"नाही हो, तसं नाही..." आणि ती बाई तिथेच, पोरांच्या रांगेत, रडायला लागली. "सासूबाई काल पहिल्यांदा नातीशी अर्धा तास बोलल्या. इतकी वर्षं नुसतं हॅलो आणि बाय व्हायचं. तुम्ही बोलत जा तिच्याशी. फक्त ते 'नव्हं' जरा कमी केलं तर..."

काका एकदम खुलले.

"करतो की! त्यात काय, आपलंच पोर हाय नव्हं!"

*

बसचं वय किती धरायचं हा कंपनीत कायमचा वाद. आधी ठरलं, सहा वर्षांनी काढायच्या. मग धंदा बसला, तर म्हणाले आठ. मग वरून कोणी नवा साहेब आला, तो म्हणाला सगळ्या ताबडतोब काढा. डॉक्टर बदलला की पेशंटचं वय बदलायचं!

नवा साहेब गॅरेजमध्ये आला. बसचा दरवाजा उघडताना किर्र वाजला. तो म्हणाला, "बघा, म्हातारी झाली."

अबू हसन तेलाचे हात पुसत म्हणाला, "सर, माझा धाकटा मुलगा हिच्याच वयाचा आहे."

"मग?"

"त्याला अजून बुटाची लेस बांधता येत नाही!"

साहेबाने दरवाजा पुन्हा उघडला. मी तेवढ्यात बिजागरीत ग्रीस भरलं होतं. आवाज आला नाही. बस वाचल्या.

*

शुक्रवारी बस रिकाम्या असायच्या. चौदा एप्रिलच्या जवळचा शुक्रवार आला की आमची मंडळी एक बस मागून घ्यायची. ठिकठिकाणच्या कॅम्पमधून आपली माणसं गोळा करायची आणि कोणाच्या तरी फ्लॅटवर जयंती करायची. खीर, पुरीभाजी, फोटोला हार, गाणी.

एका वर्षी अबू हसन म्हणाला, मीही येतो. बसमध्ये पांढरे कपडे घातलेली माणसं, मांडीवर फुलांच्या पिशव्या. त्याने काकांना विचारलं, "वाढदिवस कोणाचा आहे?"

"आमच्या बापाचा," काका म्हणाले.

"तुम्हा सगळ्यांचा एकच बाप?"

"एकच."

"माशाल्ला! वय किती?"

"शंभराच्या वर."

अबू हसन चकित झाला. "आणि अजून हयात आहेत?"

काकांनी आरशातून मागे बघितलं. मागच्या सीटवर आमचा एक ड्राफ्ट्समन होता, एक नर्स होती, एक जण ऑफिसात टायपिस्ट होता, आणि ग्रीसचे हात कितीही घासले तरी न निघालेला मी. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून निघून समुद्रापलीकडे नोकरीला आलेली माणसं.

"गेलेत," काका म्हणाले, "पर आजूनबी बस त्येच चालवत्यात."

फ्लॅटवर पोहोचल्यावर चपला काढून अबू हसन सगळ्यांच्या आधी आत गेला.

*

तिसरी नोकरी हिद्दची. शाळेनेही बस सोडल्या, तेव्हा त्या इंडस्ट्रियल एरियाला लागल्या. एसी काढून टाकले, काचा उघड्या. वेल्डर, फिटर, रंगारी, सगळे डोक्यावर हेल्मेट घेऊन चढायचे. रंग मात्र तोच, पिवळा. काचेवरची कार्टूनची स्टिकर काढायला गेलो तर त्यांच्यातल्या पठाणांनी काढू दिली नाहीत!

एका सीटच्या पाठीवर कोणा शाळकरी पोराने बॉलपेनने चित्र काढलेलं होतं. घर, वर सूर्य, दारात साडी नेसलेली आई आणि हात धरलेली दोन पोरं. त्याच्या मागच्या सीटवर रोज रफीक बसायचा. बांगलादेशचा फिटर, गप्प माणूस. दुसऱ्या कोणाला तिथे बसू द्यायचा नाही. त्याची सुट्टी दोनदा मंजूर होऊन रद्द झाली होती.

सीटचं रेक्झिन फाटलं म्हणून मी बदलायला घेतलं. रफीकने माझा हात धरला.

"इसको मत निकालो, भाईसाब."

मी नीट बघितलं. चित्रात आता एक माणूस वाढला होता. अंगणात उभा, हातात बॅग आणि डोक्यावर हेल्मेट.

"कब बनाया?" मी विचारलं.

"कल," रफीक म्हणाला. "अभी अभी तो घर पहुंचा हूं."

मी सुई-दोरा आणून नुसती कड शिवली.

*

मग एकेक करून बस गेल्या. शेवटी एकच राहिली. नंबरप्लेट जमा करायला महिना होता, पण बस हिद्दजवळच्या भंगारवाल्याकडे पोहोचवायची ऑर्डर आली. काका म्हणाले, मी चालवतो. अबू हसन म्हणाला, मीही बसतो.

ईसा टाउनमधून जाताना एका स्टॉपवर काळी अबाया घातलेल्या म्हाताऱ्या बाईने हात दाखवला. काकांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. ती चढली, पहिल्या सीटवर बसली आणि अबू हसनला म्हणाली, "हिद्द."

तिची बहीण हिद्दला आजारी होती. दोघी बहिणीच, तिसरं भावंड नाही. हिचा मुलगा कामावर जातो, सरकारी बस दोनदा बदलावी लागते, गुडघे चालत नाहीत. ही बस सरळ जाते का? अबू हसन म्हणाला, सरळ जाते. तिला बहिणीच्या दारात उतरवलं. उतरताना तिने विचारलं, "उद्या याच वेळेला?"

अबू हसनच्या तोंडून निघून गेलं, "इंशाल्ला."

बस भंगारवाल्याकडे सोडून दोघे टॅक्सीने परत आले.

दुसऱ्या दिवशी अबू हसन आपली गाडी धुऊन, पुसून त्या स्टॉपवर गेला. म्हातारी उभी होती. त्याने दार उघडलं. ती दोन पावलं मागे सरकली.

"मी परक्या माणसाच्या गाडीत बसत नाही. माझी बस येईल."

त्याने समजावून बघितलं. ती रस्त्याकडे बघत उभी राहिली.

अबू हसन गॅरेजला आला आणि काकांना एवढंच म्हणाला, "यल्ला." म्हणजे, चल.

दहाएक दिवसांनी भंगारवाल्याने डिमेलोसाहेबांना फोन केला. मी समोरच होतो. त्याचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "साहेब, तुमची दोन माणसं रोज सकाळी येऊन बस घेऊन जातात आणि दुपारी आणून लावतात. डिझेलही स्वतःचं टाकतात. मी ती कापायची कधी?"

डिमेलोसाहेबांनी फोन खाली धरला आणि अबू हसनला बोलावलं. अबू हसनने खाली बघत सगळं सांगितलं.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण बसचे अजून दिवस किती, ते तरी सांग."

"सर," अबू हसन म्हणाला, "ते तिच्या बहिणीच्या तब्येतीवर आहे."

डिमेलोसाहेबांनी फोन कानाला लावला आणि भंगारवाल्याला म्हणाले,

"बॅटरी काढू नकोस."