डॉक्टरणीला सांगायचं होतं ते

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरच्या निवडणं. वर्षाची चटणी करायची होती. अंगणात पोतं अंथरून वाळलेल्या मिरच्या पसरल्या होत्या, आणि दुपारचं जेवण झाल्यावर समोरासमोर बसून आम्ही देठं खुडत होतो. मला शिंकांवर शिंका. डोळे चुरचुरायला लागले तसा मी उठायला बघितलं.

"बसा गप," ती म्हणाली. "साखर कारखान्यात बॉयलरपुढं जल्म काढलासा आन् मिरचीला पळतासा व्हय?"

"बॉयलर नाकात जात न्हवता."

"मिरची तरी कुठं जाती? तुमीच नाक घालतासा."

असं बोलून हसली. मग मान वर न करता म्हणाली, "मी डॉक्टरणीला सांगणार हाय. आपल्या पहिल्याचं."

मी हातातली मिरची तशीच धरून बसलो. कारण पहिल्याचं ती आजवर माझ्याजवळसुद्धा बोलली नव्हती.

आम्हाला एकच लेक आहे, असं सगळा कसबा बावडा समजतो, आणि लेकही तेच समजत होती. पण तिच्या आधी एक मुलगा झाला होता. बायको बाळंतपणाला तिच्या माहेरी, बिद्रीकडं गेली होती. हातपाय सुजले, तोंड सुजलं, डोकं ठणकायला लागलं. एक दिवस डोळे पांढरे करून झटके द्यायला लागली. घरच्यांना वाटलं बाहेरची बाधा. आधी उतारा टाकला, मग देवऋषी बोलावला, आणि तोंडाला फेस आल्यावर जीपनं दवाखाना. ती वाचली, पोर पोटातच गेलं. तिनं त्याचं तोंडही बघितलं नाही, शुद्धच नव्हती. मी बघितलं.

पुढं लेक झाली, धडधाकट झाली. तेव्हा माझ्या आईनं बायकोला लेकीच्या डोक्यावर हात ठेवून आण घ्यायला लावली. "त्या पहिल्याचं हिच्यापुढं कधी काढायचं न्हाय. काढलं की त्यो हिला हाक मारतो." आमच्या आईचा शब्द म्हणजे घरात कोर्टाचा निकाल. बायकोनं आण पाळली, आई गेली तरी पाळली. मीही बोललो नाही. माझा त्या हाकेवर विश्वास होता असं नाही, पण लेकरावरून घातलेली आण मोडायला छाती लागते.

लेकीला दिवस गेले तेव्हा आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी असतं म्हणून सातव्या महिन्यात तिला पेठ वडगावहून, सासरहून आणली. काही दिवसांनी तिचेही पाय सुजले. शेजारच्या बाया म्हणाल्या, सगळ्यांचेच सुजतात. पण बायकोचं तोंड उतरलेलं मी बघत होतो. तिनं लगेच दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आई, तुम्हाला बाळंतपणात असं काही झालं होतं का? बीपी वाढणं, झटके?" लेक बाजूलाच बसली होती. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "न्हाय."

पुढं लेकीला झटके आले. घाईनं पोट फाडून मूल काढावं लागलं. मुलगी होती, एवढीशी. काचेच्या पेटीत ठेवली होती, तिथंच गेली. लेक कितीतरी दिवस आयसीयूत. त्या दिवसांत बायको दवाखान्याच्या पायरीवर बसून असायची. आपण सांगितलं असतं तर नात वाचली असती का, हे तिनं मला कधी विचारलं नाही. मला विचारलं असतं तरी मी काय सांगणार? डॉक्टर नाही मी.

आता काही वर्षं गेल्यावर लेकीच्या मनानं पुन्हा घेतलं. पण या वेळी आधी नीट ठरवायचं, मग दिवस जाऊ द्यायचे, असं तिचं आणि जावयाचं झालं. शहरातल्या एका डॉक्टरणीचं नाव कुणीतरी सांगितलं, दोघं भेटून आली. डॉक्टरणीनं सांगितलं की दिवस जायच्या आधीच सगळ्या तपासण्या करू, आणि पुढच्या वेळी आईला घेऊन या, आईच्या बाळंतपणाची माहिती मला पाहिजे. लेकीनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती. थापतच राहिली.

त्यानंतर मिरच्यांची ती दुपार.

"आणेचं काय?" मी विचारलं.

"तुमच्या आईची आण हाय, मी बघून घेते तिच्याशी वर गेल्यावर. माझ्या लेकीला परत तसं झालं तर मी कुणाला तोंड दावू?" मग देठ खुडत, "तुमी यायाचं. मला एकटीला जमायचं न्हाय."

"येतो की."

"आन् आदीमदी तोंड घालायचं न्हाय. मी सांगणार."

"बरं बाई."

सगळ्या मिरच्या निवडून झाल्या. हात धुते, चहा टाकते म्हणून ती आत गेली. मोरीत तांब्या पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "काय पाडलीस गं?" आत गेलो तर मोरीत पडली होती. शेजाऱ्याच्या रिक्षात घातली. दवाखान्यात नेईपर्यंत ती नव्हती.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. पंचगंगेच्या घाटावर नैवेद्य ठेवला. आमच्याकडं लोक कावळ्याची वाट बघत उभे राहतात, कावळा शिवला नाही तर मेलेल्याची इच्छा राहिली म्हणून काय काय कबूल करतात. हिच्या वेळेला कुणाला तोंड उघडायचीही गरज पडली नाही. पान ठेवून मागं सरतोय तोवर कावळा उतरला आणि भात खायला लागला.

"बघा, कसलीच इच्छा न्हवती बाईची," कुणीतरी म्हणालं. "सगळं बघून गेली."

मी कावळ्याकडं बघत होतो. त्याला काय माहीत?

संध्याकाळी पाहुणे गेले. घरात लेक, जावई, मी आणि माझी थोरली बहीण, आक्का, एवढेच राहिलो. लेक भिंतीला टेकून बसली होती. ती जावयाला म्हणाली, "उद्याची वेळ रद्द करा दवाखान्याची."

मी विसरलोच होतो, उद्याच जायचं होतं.

"पुढच्या महिन्यात जाऊ," जावई म्हणाला.

"पुढच्या महिन्यात न्हाय. कधीच न्हाय. आई म्हणालती मी येऊन राहते तुझ्याकडं, दिवस गेल्यापासनं राहते. तिच्या जिवावर मी हो म्हटलेलं. आता कोण हाय मला?"

जावई बोलणारा गडी नाही. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "आबा, मला पोर न्हाई झालं तरी चालतंय. ही पायजे. ही म्हणल तसं."

पोरगा चांगला आहे. पण लेकीचं तोंड मला दिसत होतं. तिला मूल नको झालं नव्हतं, तिची भीती परत आली होती. आणि आईला विचारल्याशिवाय त्या भीतीचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं.

मी म्हटलं, "काय रद्दबिद्द करायचं न्हाय. उद्या जायाचं. मी येतोय."

"तुम्ही येऊन काय करणार आबा?"

"बसीन. खुर्च्या असतील की तिथं."

आक्का एकदम ताठ झाली. "सुतकात कुठं निघालास रे? काल बायको जाळली आन् उद्या उंबरा वलांडतोस?"

"काल न्हाय, परवा. आन् दवाखान्याला कसलं आलंय सुतक? देवळात जात न्हाय मी."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी बाळंतपण करायचं हाय काय?"

तिनं मला हाताला धरून मागल्या दारी नेलं. आक्काला सगळं माहीत होतं, आण घातली तेव्हा तीच पाळण्याशेजारी उभी होती. तिथं ती हळू आवाजात म्हणाली, "तू ते काढणार हाईस तिथं. मला कळतंय तुझं. आईची आण हाय, बाळा. लेक एकच हाय तुला. आता तुझी बायकोबी न्हाय. ही पोरगीबी गेली तर काय करशील?"

हे ती मला भिववायला म्हणाली नाही. डोळ्यात पाणी होतं तिच्या. घरातनं मढं निघून दोन दिवस झाले नव्हते. अशा वेळी माणसाला कसलीही हाक ऐकू येते.

"आक्का," मी म्हटलं, "ती सांगणार हुती. मला म्हणालती."

"ती गेली की पण!"

"म्हणून तर."

आक्का पदरानं डोळे पुसत आत गेली.

सकाळी उठून मी गार पाण्यानं आंघोळ केली. टोपी घातली. आक्कानं चहा दिला, तोंड फिरवून दिला, पण दिला. जावयाच्या गाडीत पुढं बसलो. लेक मागं बसली.

डॉक्टरणीला आई गेल्याचं कळलं तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं. आज नको असेल तर राहू दे म्हणाली. लेक उठायलाच लागली होती. मी म्हटलं, "न्हाय, आजच. इचारा काय इचारायचं ते."

तिनं मागच्या बाळंतपणाचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "आईंना त्यांच्या वेळी बीपीचा वगैरे त्रास?"

"आईला काही नव्हतं," लेक म्हणाली.

"हुता," मी म्हटलं.

लेकीनं वळून बघितलं.

माझा आवाज मोठा आहे, बॉयलरच्या आवाजात बोलून बोलून तसा झालाय. त्या खोलीत मी हळू बोलायला बघितलं, जमलं नाही. सगळं सांगितलं. सूज, डोकेदुखी, झटके, देवऋषी, जीप. पोर गेलेलं. मधे कुठं थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढं गेलो नसतो. बाहेर बसलेल्यांनीही ऐकलं असेल.

डॉक्टरणीनं विचारलं, "कितवा महिना होता?"

"आठवा लागलेला."

"बरं केलंत सांगितलंत. आता आपल्याला आधीपासून सावध राहता येईल." मग लेकीकडं वळून तिनं समजावलं. आधी बीपी, रक्त, लघवी, किडनी सगळं तपासायचं. दिवस गेले की तिसरा महिना संपता संपता एक बारीक गोळी सुरू करायची. तपासायला सारखं यायचं, घरीही बीपी मोजायचं, आणि बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच. माहेर सासर काही नाही. "परत होणारच नाही असं मी सांगत नाही," ती म्हणाली. "पण या वेळी आपण बेसावध नसू. घाई करू नका. तपासण्या बघू, मग तुम्ही दोघं ठरवा."

लेक ऐकत होती की नाही, कळेना. ती माझ्याकडंच बघत होती. मला वाटलं आता चिडेल, रडेल, इतकी वर्षं का लपवलंत म्हणून विचारेल.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही बघितलंत त्याला?"

"व्हय."

"कसा हुता?"

"केस हुते डोक्यावर. लई केस. तुझ्यासारखे."

ती डॉक्टरणीकडं वळून म्हणाली, "मॅडम, तपासण्या आज होतील का?"

"रक्त आजच देता येईल."

तिनं पर्स माझ्याकडं दिली आणि नर्सच्या मागं गेली. जावई तिच्याबरोबर गेला. मी बाहेरच्या बाकावर जाऊन पर्स मांडीवर घेऊन बसलो. शेजारी एक पोटुशी बाई बसली होती, तिच्याबरोबर तिची आई. त्या आईनं सरकून मला जागा दिली आणि विचारलं, "पावणं, तुमचं कोण हाय आत?"

"लेक," मी म्हटलं.