गिरगाव ते परळ, विश्रांतीसाठी

हवापालटाला माणसं महाबळेश्वरला जातात. मी परळला गेलो.

झालं असं, की एका रविवारी मंडळीपुढे (आमच्यात चर्चमध्ये जमणाऱ्यांना मंडळी म्हणतात) सूचना वाचताना माझ्या हातून एक लग्न आणि एक अंत्यविधी यांची सरमिसळ झाली. नवरीला संध्याकाळी मातीआड करण्यात येईल, तरी सर्वांनी अगत्य यावं, असं मी खड्या आवाजात जाहीर केलं. नवरीची आई रडू लागली.

खरं सांगतो, कित्येक आठवडे मला झोप नव्हती. दिवसा कचेरी, संध्याकाळी मंडळीचं चिटणीसपण, गायनवर्ग, आजाऱ्यांच्या भेटी. आणि अक्षर बरं म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे फलकही चाळीनं माझ्याच गळ्यात घातलेले. अंथरुणावर पडलो की डोळे टक्क उघडे. भीती वाटायला लागली होती.

पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं. "दानिएलराव, देवानंसुद्धा सातव्या दिवशी विसावा घेतला. तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कामं आहेत का?"

मी मनातल्या मनात कामं मोजायला लागलो.

"झोपून या. नाहीतर चिटणीसपण दुसऱ्याकडे देईन."

कचेरीनं दिलेली रजा लोणावळ्यालाही पुरेना, म्हणून परळची रूथआत्या ठरली. बायकोनं, सुशीलेनं, प्रवास तो प्रवास म्हणत वळकटी बांधली आणि फिरकीचा तांब्या भरून दिला. मी ट्राममध्ये चढलो तर खालून म्हणते, "तिकडचं पाणी उकळून प्या हो!"

भायखळ्याला ट्राम बदलली. तिथून पुढे सृष्टिसौंदर्य पालटतं. गिरगावातली नारळाची झाडं मागे पडतात आणि गिरण्यांच्या चिमण्या लागतात. घोडपदेवच्या बाजूला गॅलऱ्यांतून लुगडी वाळत होती. मी ठरवून डोळे मिटले. ते लगेच उघडले, कारण लालबागला ट्राम थांबली होती.

"उतरा, उतरा! मोर्चा हाय म्होरं, गाडी जायची नाय," कंडक्टर ओरडला.

वळकटी खांद्यावर टाकून मी परळची वाट धरली आणि मोर्चात सापडलो. त्या दिवसांत सत्याग्रही अटक करून घ्यायला निघाले की अंथरूण बरोबर घ्यायचे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. बाकी सगळ्यांच्या आलं.

"बघा गं, बिस्तरा बांधूनच आलेत!" एक बाई आरतीचं तबक घेऊन पुढे झाली. "जेलात जातायत!"

"अहो बाई, मी परळला झोपायला चाललोय."

"झोपा की भाऊ, सरकारी खर्चानं!"

माझ्या ख्रिस्ती कपाळावर भलंमोठं कुंकू लागलं, गळ्यात झेंडूची माळ पडली. शेजारच्या गिरणी कामगारानं विचारलं, "आवाज हाय का?" गायनवर्गाचा आवाज होताच, आणि नाही म्हणायची सवय मला कधीच नव्हती. मी 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' असं उच्च स्वरात उचललं आणि सारा रस्ता 'झालाच पाहिजे' म्हणाला. इतकी चांगली साथ मला मंडळीत कधी मिळाली नव्हती.

नाक्यावर पोलिसांची गाडी होती. मनात आलं, कोठडी तर कोठडी, निदान तिथे चिटणीसपण नसेल. मी वळकटीसकट पायरीवर पाय ठेवला. हवालदारानं मला नीट न्याहाळलं.

"तुमची तब्येत बरी दिसत नाही. घरी जा. झोप काढा."

तुरुंगानंही मला जागा दिली नाही.

आत्याच्या दारात मी आमच्या ख्रिस्ती रीतीनं म्हटलं, "सलाम, आत्या."

"सलाम." ती माळ आणि कुंकू बघत राहिली. "दान्या, दुसरं लगीन केलंस का काय?"

ताटात शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कड्या, झणझणीत रश्शात शिजवलेल्या) वाफाळत होते. आत्या, तिचे यजमान म्हणजे काका, आणि मी पाटांवर बसलो. आमच्यात जेवणाआधीची प्रार्थना पाहुण्यानं करायची असते. त्याचं 'आमेन' झाल्याशिवाय कुणी डोळे उघडत नाही, ताटाला हात लावत नाही. इथेही कामच! मी डोळे मिटले. "हे आमच्या स्वर्गीय बापा," म्हणून आत्याबद्दल, ट्रामबद्दल, हवालदाराबद्दल आभार मानले. "आणि जे थकलेले आहेत, त्यांना..."

पुढचं मला आठवत नाही.

जाग आली ती गिरणीच्या भोंग्यानं. मी जमिनीवर आडवा होतो, डोक्याखाली न उलगडलेली वळकटी होती. उजाडलं होतं.

"आत्या, प्रार्थना?"

"'त्यांना' म्हणालास आणि थांबलास. आम्हाला वाटलं, मनातल्या मनात चाललीय. बसलो डोळे मिटून. रस्सा गार झाला. मग काका घोरायला लागले."

"मग?"

"मग काय, आमेन मी म्हटलं. जेवले आणि ताटं घासली."

मला हसू आलं, आणि मग, का कोण जाणे, रडू आलं. इतकी वर्षं मी समजत होतो, की शेवटचा शब्द मीच म्हणायचा, नाहीतर वर काही पोचत नाही. अर्धवट सुटलेलं मागणं पोचलं होतं आणि मंजूरही झालं होतं. प्रभूही भर वादळात नावेत उशी घेऊन झोपला होता, हे मी मंडळीतल्या मुलांना दर रविवारी शिकवत होतो. ऐकलं मात्र नव्हतं.

रजा संपली, गिरगावात परतलो. पाळकसाहेबांनी काही विचारायच्या आतच मी गायनवर्ग दुसऱ्याला देऊन टाकला. घरी पानं वाढून झाल्यावर सुशीला सवयीनं माझ्याकडे बघत थांबली.

"आज तू कर," मी म्हटलं.

ती गोंधळली, मग पदर डोक्यावर घेऊन तिनं सुरुवात केली. मी डोळे मिटले.

तिचं आमेन मी ऐकलं नाही.